तात्यांचं इंग्रजी गाऱ्हाणं

रेकॉर्डवर इंग्रजी गाणं लागलं, की आमचे तात्या टोपी नीट करत, हात जोडत आणि डोळे मिटत. त्यांच्या मते ते गाणं नव्हतंच. ते गाऱ्हाणं होतं.

तात्या माझे चुलते. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा; ते मागणार आणि गाव मागून 'व्हय म्हाराजा' म्हणणार. त्यामुळे जगात कुठेही कुणी घसा ताणून ओरडला, की तो देवाकडे काहीतरी मागतोय, ही त्यांची खात्री. "ह्यो पुढचो मानकरी," रेकॉर्डच्या वेष्टणावरच्या गिटारवाल्याला बोट लावून ते सांगत, "आणि मागचे तिघे ओ-ओ करतत, ता आपला 'व्हय म्हाराजा'. केस तेवढे न्हाव्याक दाखवूक होये."

शब्द उलगडायचं काम माझ्याकडे. मी तालुक्याच्या कचेरीत कारकून. माझं इंग्रजी 'आपला नम्र'च्या पलीकडे कधी गेलंच नाही. आणि हे गाणं म्हणत होतं, हिरवं घड्याळ जिना खातं, रविवारची चावी समुद्रात पडते. पुन्हा पुन्हा ऐकलं. तेच.

"अर्थ सांग."

"तात्या, ह्येका अर्थ नाय."

"अर्थ नसलेला गाऱ्हाणा कोण घालतलो? तूच कच्चो."

मग अर्थ तेच लावत. जिना खाणारं घड्याळ म्हणजे वाळवी. हिरवी का, तर विलायतेत पाऊस फार. चावी समुद्रात पडली, म्हणजे घराला कुलूप घालू नये असा देवाचा हुकूम. तेव्हापासून तात्या पडवीचं दार लावीनात. "मांजर येऊन दूध पिता," काकी म्हणे, "तो ह्येंच्या गाण्याचो अर्थ."

रेकॉर्ड वसंताची, त्यांच्या एकुलत्या मुलाची. हेच गाणं तो ऐकत असताना तात्यांनी मध्येच सुई उचलली होती. "कुत्र्याचा रडणा पुरे." वसंताने रेकॉर्ड वेष्टणात सरकवली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बोटीत बसला, तो पुढे मालवाहू जहाजावर लागला. रेकॉर्ड आणि सेलवर चालणारं यंत्र घरीच राहिलं; तात्यांचं गाऱ्हाणं सुरू झालं ते त्यानंतर. पत्रं यायची ती काकीच्या नावे. त्यांत तात्यांना साधा नमस्कारही नसे.

आणि एका मे महिन्यात तो येणार असल्याचं कळलं. एक रात्र राहणार, परत जहाज.

"तो येवच्या आदी सगळो अर्थ लागूक होयो," तात्या म्हणाले. "नायतर मी त्येच्याशी काय बोलू?" देवापुढे कधी न अडखळलेला हा माणूस माझ्यासमोर बसून घोकंपट्टी करू लागला.

वसंता आला त्या दिवशी समुद्र खवळलेला. बोट बाहेरच उभी राहिली, उतारू होडीतून हेलकावत धक्क्याला लागले. वसंताने काकीला मिठी मारली, माझ्या पोटावर एक थाप मारली. तात्यांना खाली वाकून नमस्कार केला.

जेवताना तो काकीशी बोलला, माझ्याशी बोलला, मांजराशीही बोलला. तात्या माझ्याकडे बघत, मी सोलकढीत बघे. मला कचेरीतल्या साहेबांसमोरही एवढा घाम फुटला नव्हता. गेला तर आता कधी येईल, कोण सांगणार.

जेवण उरकल्यावर तात्यांनी यंत्र बाहेर आणलं. धुळीचा कणही नव्हता त्यावर. गाणं सबंध वाजलं, कुणी हललं नाही. मग तात्या खाकरले. देवळात ते असे खाकरले, की अख्खा गाव गप्प होतो. आता सुटणार वाळवी, असं मनात म्हणत मी डोळे मिटले.

"वसंता," ते म्हणाले, "ह्येचो अर्थ काय रे?"

वसंताने सुई उचलून बाजूला ठेवली.

"माका खंय ठावक, बाबा. तो काय म्हणता ता माका कधीच कळला नाय. आयकल्यावर बरा वाटता, इतक्याच."

मी तात्यांकडे पाहिलं. इतक्या मेहनतीने रचलेला अर्थ ओठांपर्यंत आला होता. त्यांनी तो सावकाश गिळला.

"माकाय कळाक नाय," तात्या म्हणाले, आणि चटईवर थोडे बाजूला सरकले. "हयसर बस. आणि परत लाव."