मागल्या अंगणाच्या फरसबंदीची हकीकत

दगड मुका, सबब त्याचे वतीनें कोणीं तरी बोलणें प्राप्त. आणि माणसें बोलकीं, सबब खरें काय घडलें तें कोणीं तरी लिहून ठेवणें प्राप्त. ऐसियास, दोघां भावांचे जोडघरामागील अंगणीं फरसबंदी कैसी जाहली, हट्ट कोणीं धरिला, तह कैसा मोडला आणि यश कोणास आलें, ही साद्यंत हकीकत, पदरचें कांहीं न घालितां, येणेंप्रमाणें.

अंगण एक, घरें दोन. थोरल्या घरीं थोरल्या वहिनीसाहेब, अखंडशिस्तधुरंधर, ज्यांचे फडताळांतील डबे उंचीचे क्रमानें खडी ताजीम देऊन उभे. धाकट्या घरीं त्यांच्या जाऊ धाकट्या बाईसाहेब, स्वेच्छासंपन्न, ज्यांचे एकाही डब्यास स्वतःचें झांकण नाहीं. पेशजी पाण्याचे मोटारीवरून उभयतांत बोलाचाली जाहली, आणि बोलाचालीचा अबोला जाहला, आणि मग अबोल्याचा पत्रा जाहला. म्हणजे अंगणाचे मधोमध पत्र्याचा आडोसा उभा राहिला. पुढें तो गंजला आणि एके दिवशीं वाऱ्यानें आडवा जाहला. तो पुन्हा उभा करावा हें कोणास सुचलें नाहीं; किंवा सुचलें असेल तर कोणीं बोललें नाहीं.

मग पत्रा गेला आणि चिखल उरला, सबब उभय बंधूंनीं मसलत करून दगडी फरशी मागविली. एका मापाची मागविते तर रणाचें कारणच नव्हतें. परंतु दुकानांतील चित्रास भुलून मिश्र मापांची मागविली. त्यांत थोर चौकोन, लहान चौकोन, लांबट आणि अतिलांबट ऐसा सरंजाम दारीं उतरला, आणि गवंडीदादांनीं कमरेवर हात ठेवून पृच्छा केली कीं मांडणी कैसी करावी. हा सवाल तोफेच्या गोळ्यासारखा पडला. उभय बंधू शूर खरे, परंतु थोरल्यांस गाडीचे चाकांतील हवा आठवली आणि धाकट्यांस थोरले एकटे कैसे जातील याची काळजी वाटली, आणि दोघेही तांतडीनें कूच करून गेले.

मग थोरल्या वहिनीसाहेबांचें फर्मान सुटलें कीं थोरांची रांग थोरांशीं, लहानांची लहानांशीं, आणि सांधा पट्टीनें आंखल्यासारखा सरळ असावा. धाकट्या बाईसाहेबांचें फर्मान कीं जो दगड हातीं येईल तो ठेवावा, मर्जी दगडाची. दोघी हाताभर अंतरावर उभ्या, परंतु जाबसाल गवंडीदादांचे वकिलीनें चालले.

“दादा, त्यांना म्हणावं, अंगण आहे, रेघांची वही नव्हे.”

“दादा, त्यांना म्हणावं, अंगण आहे, त्यांचं पसाऱ्याचं कपाट नव्हे.”

“अहो, त्यांना ऐकू येतंय,” वकील म्हणाले.

दोन्ही मांडण्या वाळूवर कोरड्या लावून पाहिल्या. थोरल्या वहिनीसाहेबांची थोर फौज अर्ध्या वाटेंतच संपली आणि रांग लंगडी पडली. धाकट्या बाईसाहेबांचे दगड जागोजागीं एकमेकांस पाठ दाखवून बसले आणि मधल्या फटींत मांजर मावेल ऐसी अवस्था जाहली. दोहोंकडे हार दिसूं लागली, परंतु हार कबूल करणें हें दोन्ही घराण्यांत नाहीं, सबब तह ठरला कीं अर्धें अंगण एकीचे रीतीनें आणि अर्धें दुसरीचे. गवंडीदादांनीं तहाप्रमाणें दगड मांडिले आणि डबा खाण्यास सांवलींत गेले.

दुपारीं थोरल्या वहिनीसाहेब वाळलेलीं कापडें काढण्यास गच्चीवर गेल्या. उशीचा अभ्रा खांद्यावर टाकून सहज खालीं पाहतात, तों नळापासून मागल्या भिंतीपर्यंत एक सांधा सुरीनें कापल्यासारखा सरळ गेला होता. सरळ सांध्याची हौस त्यांचीच. परंतु हा सांधा नेमका पत्र्याचे जागीं होता. गंजका पत्रा वाऱ्यानें पडला तो पडला. हा दगडाचा कोणत्या वाऱ्यानें पडणार, ऐसें त्यांचे मनांत आलें. मान वळविली, तों पलीकडचे गच्चीवर धाकट्या बाईसाहेब, हातांत रिकामी बादली, त्याच रेघेकडे पाहत उभ्या. नजरानजर जाहली.

मग थोरल्या वहिनीसाहेब कंबर कसून खालीं उतरल्या आणि गवंडीदादांची वाट न पाहतां एक अतिलांबट दगड उचलूं लागल्या, इरादा हा कीं तो त्या रेघेवर आडवा टाकावा. दगड वीतभर हलला आणि तेथेंच अडून बसला.

“वहिनी, एकट्यानं नका उचलू! कंबर धरेल.”

बादली तैसीच हातीं घेऊन खालीं आलेल्या धाकट्या बाईसाहेबांचा, पत्रा उभा राहिल्यापासून वकिलावांचून आलेला, हा पहिला शब्द.

“मग बघत काय उभी राहिलीस? धर की दुसरं टोक.”

दगड आडवा पडला आणि तह तत्क्षणीं मोडला. आणि मग थोर चौकोन आधीं दूरदूर ठाण्यांप्रमाणें बसविले, आणि त्यांचे बाजूस लांबट आले, आणि उरल्या जागा लहानांनीं भरिल्या. डबा टाकून धांवत आलेल्या गवंडीदादांनीं अर्ज केला कीं चार कोपरे एके जागीं मिळूं देऊं नयेत, तेथें फरशी उसवते. तो मंजूर जाहला. कोठेंही सांधा लांब धांवूं लागला कीं थोरल्या वहिनीसाहेब अंगुलीनिर्देश करीत आणि धाकट्या बाईसाहेब त्यावर दगड आडवा घालीत. भांडण बंद पडलें ऐसें समजूं नये. एका तांबूस दगडावरून चहा निवेपर्यंत जुंपली; परंतु ती समोरासमोर, तोंडानें तोंडाशीं जुंपली, आणि गवंडीदादांस बराच वेळ कोणीं कांहीं विचारिलें नाहीं, सबब ते सुखी होते.

दिवस मावळतां उभय बंधू, चाकांत हवा भरून, सावधपणें परतले. धाकटे दारांतूनच म्हणाले, “शेवटी कुणाचं ठरलं?”

“आमचं,” दोघी एकदम म्हणाल्या. “आणि चपला तिकडेच काढा.”

येणेंप्रमाणें मागलें अंगण फत्ते जाहलें. शत्रू कोण होता, याचा शोध घेतां सांपडला नाहीं. हताहतांत धाकट्या बाईसाहेबांचे अंगठ्याचें नख दगडाखालीं सांपडून काळें पडलें; त्यास बर्फ थोरल्या वहिनीसाहेबांनीं स्वहस्तें धरिला, आणि बर्फ विरघळून त्याचें पाणी जाहलें तरी हात सोडिला नाहीं. हें घडलें तैसें लिहिलें असे.