माझं नाव कशाला, राहू द्या

वर्लिन हाउगस्टाडनं बायकोला न विचारता एका परक्या माणसाला जेवायला बोलावलं. एवढं एक केलं नसतं, तर आज तो गावात ताठ मानेनं फिरला असता. (त्याची मान तशी पहिल्यापासून जरा पुढेच असते म्हणा, पण निदान चारचौघांत बसून कॉफी तरी पिता आली असती.)

परक्या माणसाचं नाव रूबेन. न्यूयॉर्कहून त्याचा फोन आला, "१९६६ साली 'द ईलपाउट्स' नावाचा बँड होता, त्याचे गायक तुम्हीच का?" वर्लिननं कॉफीचा मग खाली ठेवला. हा प्रश्न त्याला आयुष्यात एकदाच कुणी विचारला होता. तो शेरिफ होता, आणि शेजाऱ्यांची तक्रार घेऊन आला होता.

"आर्डिस, शनिवारी पाहुणा येतोय," त्यानं बायकोला सांगितलं. "आमची रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणायची म्हणतो."

"का?" आर्डिसनं विचारलं.

हा 'का' गावात कुणीही विचारला असता.

ईलपाउट हा वर्लिनच्या मुलखातला, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या तळ्यांतला मासा. दिसायला ओंगळ, हाताला बुळबुळीत. गळाला लागला की माणूस शिवी हासडतो आणि परत पाण्यात फेकतो. चार पोरांनी आपल्या बँडला हे नाव आपणहून ठेवलं, आणि शेवटपर्यंत ते नावाला जागले. वर्लिन गायचा, ड्वेन स्वोबोडा ड्रम बडवायचा आणि उरलेले दोघे गिटारी घेऊन उभे असायचे. वाजवायचे असं म्हणायला जीभ रेटत नाही. दोघांत मिळून तीन कॉर्ड येत होत्या, आणि त्यातल्या एकीबद्दल दोघांचे मतभेद होते.

पहिला कार्यक्रम चर्चच्या तळघरात झाला. तरुण पोरं-पोरी नाचायला आली होती, ती दुसऱ्याच गाण्याला खुर्च्या ओढून बसली. कार्यक्रम संपल्यावर पाद्रीबाबा वर्लिनचा हात हातात घेऊन म्हणाले, "हे काहीतरी वेगळंच होतं हं!" आता त्या मुलखात वाईटाला वाईट म्हणण्याची पद्धत नाही. करपलेला केक, जांभळा रंग दिलेलं घर, दारुडा जावई, सगळ्याला एकच शब्द, 'वेगळंच'. त्यामुळे वर्लिन घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडला. पुढं आर्डिसनंही लग्नाआधी त्याचं गाणं ऐकून हाच शब्द वापरला. तरीही तिनं त्याच्याशी लग्न केलं. त्या लग्नाला गाव अजूनही 'वेगळंच' म्हणतं.

रेकॉर्ड एकच निघाली. 'जातेस तर जा, बेबी' हे गाणं ड्वेनच्या बापाच्या गॅरेजमध्ये, ऐन जानेवारीत टेपवर घेतलं. अशा थंडीत गाडी बाहेर ठेवली की इंजिन गोठतं, म्हणून बापानं गाडी काही हलवली नाही. ड्रम गाडीच्या मागं, गिटारी दोन्ही बाजूंना आणि वर्लिन बॉनेटवर. गॅरेजमध्ये प्लग एकच, आणि त्यात गाडीचं इंजिन गरम ठेवायची वायर होती. पोरांनी ती उपटली आणि अॅम्प्लिफायर लावला. गाणं संपेपर्यंत वर्लिनचे दात कडकडा वाजत होते. दुसऱ्या दिवशी बापाची गाडी काही केल्या सुरू होईना. बापानं बॉनेट उघडलं, मग पोरांकडं पाहिलं, आणि ईलपाउट्सची कारकीर्द तिथंच संपली. एका गिटारवाल्यानं गिटार विकून बर्फावर पळवायची गाडी घेतली. संगीताची त्यानं केलेली ही एकमेव सेवा.

तर शनिवारी रूबेन आला. काळे कपडे, काळ्या काड्यांचा चष्मा, पायात बर्फाला बिलकुल न चालणारे बूट. आर्डिसनं खिमा, डब्यातलं मशरूमचं सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्या घालून हॉटडिश भाजली होती. रूबेननं ती ताटाच्या कडेला लोटून लोटून जेवल्यासारखं केलं. मग वर्लिननं त्याला आपल्या गॅरेजमध्ये नेऊन जुन्या प्लेअरवर रेकॉर्ड लावली.

गाणं चालू असेपर्यंत रूबेन डोळे मिटून उभा होता. वर्लिन त्याच्या तोंडाकडं बघत होता. एकाही माणसानं, घरच्यानं की बाहेरच्यानं, त्या गाण्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मरायच्या आधी एकदा तो शब्द कानावर पडावा एवढीच त्याची इच्छा होती.

गाणं संपलं. रूबेननं डोळे उघडले आणि म्हणाला, "बाप रे! हे काहीतरी वेगळंच आहे!"

वर्लिनचा चेहरा पडला. "कॉफी आणतो," असं पुटपुटून तो स्वयंपाकघरात आला.

"वेगळंच म्हणाला," तो आर्डिसला म्हणाला. "न्यूयॉर्कहून विमानानं आला, माझ्या गॅरेजमध्ये उभा राहिला आणि तोंडावर म्हणाला."

"अरे, तो तिकडचा आहे," आर्डिस ताट विसळत म्हणाली. "तिकडे त्याचा अर्थ चांगला होतो. माझी बहीण सांगत होती."

"खरंच?"

"तिकडची माणसंच तशी. जा, कॉफी घेऊन जा त्याला. माझ्या हॉटडिशला नाही म्हणाला वेगळंच!"

वर्लिन परत आला तो फुगून. रूबेन भारावून बोलत होता, "तुमच्या आवाजातला तो कंप! ते दुःख! ते कुठून आणलंत?" थंडी वाजत होती हे वर्लिननं सांगितलं नाही. तो नुसता दूर कुठंतरी बघत राहिला. दुःखी माणसं तसंच बघतात असं त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं.

"मी ही रेकॉर्ड नव्यानं काढतोय," रूबेन म्हणाला. "आणि कव्हरवर तुमचं नाव मोठ्या अक्षरात. वर्लिन हाउगस्टाड. चालेल ना?"

पन्नास वर्षं तो ज्याची वाट बघत होता, ते समोर उभं होतं. त्यानं काय करावं? त्या मुलखातला कुठलाही सभ्य माणूस जे करतो तेच केलं.

"छे, छे!" तो म्हणाला. "माझं नाव कशाला? राहू द्या."

कारण तिथं पहिल्यांदा 'हो' म्हणणं म्हणजे हावरटपणा. दुसऱ्या बिस्किटालासुद्धा आधी दोनदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, तुम्ही म्हणताच आहात तर" असं म्हणत उचलायचं. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

"नको?" रूबेननं चमकून विचारलं. "नक्की?"

"अहो, राहू द्या हो," वर्लिन लाजून म्हणाला आणि तिसऱ्या आग्रहासाठी शर्टाची कॉलर नीट करून बसला.

रूबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मिस्टर हाउगस्टाड," तो म्हणाला, "आजवर शंभर बँडवाल्यांना भेटलो. प्रत्येकाला नाव हवं होतं. तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. शब्द देतो, तुमचं नाव कुठंही येणार नाही."

त्यानं वर्लिनला कडकडून मिठी मारली (हीही तिकडची पद्धत) आणि गाडीत बसून निघून गेला.

"मग तेव्हाच सांगायचंस ना, की घाला म्हणून!" सगळं ऐकून आर्डिस ओरडली.

"मी कसं सांगू? त्यानं तिसऱ्यांदा विचारलंच नाही!"

"तू मूर्ख आहेस, वर्लिन."

"मी सभ्य आहे."

"तेच म्हणतेय मी."

शेवटी आर्डिसनं हातात फोन कोंबला तेव्हा वर्लिननं रूबेनला फोन केला. आधी बर्फाबद्दल बोलला. मग वाऱ्याबद्दल. मग कुठल्या तळ्यावर बर्फ किती जाड झालंय त्याबद्दल. अखेर घसा खाकरून म्हणाला, "आणि ते... नावाचं म्हणाल तर... मी काही हट्टी माणूस नाही हं."

"समजलं," रूबेन गंभीरपणे म्हणाला. "काळजी करू नका. मी शब्द मोडणार नाही."

उन्हाळ्यात रेकॉर्ड आली. कव्हरवर ड्वेनचा फोटो आणि ड्वेनचं नाव ठळक छापलेलं. (ड्वेन पहिल्या फटक्यात 'घाला की' म्हणाला होता. त्याची आई शेजारच्या आयोवा राज्यातली, तिला दोनदा नको म्हणणं माहीत नव्हतं.) खाली बारीक अक्षरांत, 'गायक : अज्ञात'. गावातल्या कॅफेत ड्वेनचा सत्कार झाला, केक कापला. गाणारा कोण होता हे आता कुणालाच आठवत नव्हतं, त्यावर चर्चा झाली. कुणी म्हणालं, ड्वेनचा चुलतभाऊ असणार. वर्लिन कोपऱ्यात बसून होता. कुणी आपल्याला विचारील म्हणून वाट बघत होता. विचारलं असतं तरी पहिल्यांदा तो नाहीच म्हणाला असता.

घरी आल्यावर त्यानं रेकॉर्ड लावली. खरखर साफ केलेली, आवाज स्वच्छ. आर्डिसनं कव्हरवरचं 'गायक : अज्ञात' वाचलं आणि विणकाम खाली ठेवून ती ऐकू लागली. गाणं संपलं. वर्लिन खुर्चीत पुढं सरकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला असं ऐकताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"सुरेख गातो रे," आर्डिस डोळे पुसत म्हणाली. "बरं झालं बाई, तुझ्या जागी त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं ते."