पिकअप दोन इंच वर

माझ्या हातून आजवर जेवढी खुळं झाली, त्या सगळ्यांची सुरुवात "त्यात काय एवढं?" या वाक्याने झाली आहे. बायकोची पिकअप घरच्या घरी उंच करायचं खूळही त्यातलंच.

बायकोची रोपवाटिका आहे आणि रोपं पोचवायला एक पिकअप. या गाडीला ती फार जपते (मला किती जपते, ते विचारू नका). रोपवाटिकेचा रस्ता खड्ड्यांचा, त्यामुळे गाडीचं पोट रोज खाली घासायचं. गॅरेजवाला म्हणाला, "उंच करून देतो, पण गाडी चार दिवस सोडा."

"चार दिवस? रविवारी चार वाजता नव्या हॉस्पिटलात नव्वद कुंड्या द्यायच्यात," बायको मला म्हणाली. "पाचला उद्घाटन. उशीर झाला तर काम दुसऱ्याला देणार आहेत. मग परत खिडकीतल्या कुंड्याच विकत बसायचं."

चार वर्षं तिने या एका ऑर्डरची वाट बघितली होती. ते मला माहीत होतं, आणि तरीही मी म्हणालो, "त्यात काय एवढं? मी करतो. शनिवारी संध्याकाळपर्यंत गाडी तयार."

सामान आणलं. पुढच्या स्प्रिंगांवर बसवायच्या जाड चकत्या, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली सरकवायचे लोखंडी ठोकळे आणि हातभर लांब बोल्ट. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'सहा तासांचं काम'. पण आधी मोजमाप. मी मोजणी कार्यालयातला कारकून. सतरा वर्षं लोकांच्या जमिनी बोटभरही इकडच्या तिकडे होऊ दिल्या नाहीत. शुक्रवारीच घरच्या शेडच्या दाराची उंची तीनदा मोजली, गाडीची तीनदा मोजली. गाडीच्या मागे रोपांवर जाळी टाकायला लोखंडी चौकट वेल्डिंगने जोडलेली आहे, तिच्यापासून दाराच्या वरच्या कडेपर्यंत तीन इंच जागा. त्यात दोन इंच चढवायचे, एक इंच शिल्लक. कागदावर सही करून ठेवली (सवय).

सहा तासांचं काम मी रविवारी दुपारी एक वाजता संपवलं. मधल्या वेळेत एक बोल्ट तीनदा हरवला, जॅक एकदा माझ्या अंगठ्यावर बसला आणि आई दर तासाला खाली वाकून "अरे, आहेस ना?" असं विचारून गेली. मी शेडबाहेर आलो तेव्हा कंबर सरळ होत नव्हती, पण छाती फुगली होती.

बायको गाडीत बसली, मागे घेतली. खाडकन आवाज झाला आणि दारावरचं प्लास्टर माझ्या डोक्यावर पडलं.

गाडीवरची चौकट दाराच्या वरच्या कडेला अडली होती. टेप लावली. गाडी दारापेक्षा एक इंच उंच. पुन्हा लावली. तेवढीच.

बायको खाली उतरली. तिचा आवाज शांत होता, म्हणून मी जास्त घाबरलो.

"मोजली होतीत ना?"

"तीनदा."

"कधी?"

"परवा, शुक्रवारी."

"शुक्रवारी गाडीत काय होतं?"

शुक्रवारी गाडीत खताची वीस पोती होती. त्यांच्या भाराने पाटे दबलेले, गाडी खाली बसलेली, आणि तीच उंची मी तीनदा, अचूक, मोजली होती. पोती शनिवारी सकाळी मीच उतरवली होती.

"सगळं परत काढतो," मी म्हणालो.

"किती वेळात?"

मी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. पोती आणि कुंड्या रोपवाटिकेत, गाडी शेडमध्ये, आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी. ते पाहून मात्र मला माझी खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, पोत्यांनी दबते तर माणसांनी दबणार नाही का?"

बायकोने डोळे पुसले आणि गल्लीत गेली. कोणाला वेळ आहे, हे तिने विचारलंच नाही, सरळ अंगाकडे बघून माणसं बोलावली. समोरचा काटकुळा शिंपी आपणहून आला, त्याला तिने दारातूनच परत पाठवलं. (तो अजून माझ्याशी बोलत नाही.) शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर आले, त्यांच्या मागून पलीकडच्या घरातल्या काकू आल्या.

"काकू, वजन किती हो तुमचं?"

"हा काय प्रश्न झाला?"

"आज जास्त असेल तेवढं बरं."

हे वाक्य काकूंना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हटलं असावं. त्या गाडीत चढल्या आणि मागच्या टोकाला मांडी घालून बसल्या.

आठ जण बसले. गाडी कुरकुरत खाली आली. मी टेप लावली. "अजून अर्धा इंच."

"मग तुम्ही बाहेर काय करताय? चढा."

"मी मोजतोय."

"तुमचं मोजून झालंय."

मी चढलो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आई बाहेरून "ये, ये, हळू" म्हणत होती आणि माझं नाक मॅनेजरांच्या पाठीत रुतलं होतं. चौकट दाराच्या कडेखालून केसभर फरकाने निघाली. बायकोने गाडी थांबवलीच नाही, थेट रोपवाटिका गाठली. तिथे आठही जणांनी बिनबोभाट कुंड्या भरल्या आणि हॉस्पिटल जवळच असल्याने गाडीमागून चालत आले.

चारला वीस कमी असताना आम्ही पोचलो. काकू कुंड्या कुठे ठेवायच्या ते हुकूम सोडत होत्या, मॅनेजर पानं पुसत होते. माझ्या कमरेने संप पुकारला होता, म्हणून एक छोटी कुंडी छातीशी धरून मी खांबाला टेकून उभा राहिलो. चारला सगळं जागच्या जागी होतं.

हॉस्पिटलच्या व्यवस्थापक बाई खूश झाल्या. बायकोला म्हणाल्या, "माणसं फार तरबेज आहेत तुमची. इथल्या झाडांचं काम आता कायम तुम्हीच बघा."

बायकोचा चेहरा इतका फुलला की मला अंगठ्याचं दुखणंही विसरायला झालं. मग बाई आवाज खाली आणून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण तो खांबापाशी उभा आहे ना, तो मघापासून एकच कुंडी धरून आहे. त्याला कशाला ठेवलंय?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तेवढा ताठ झालो, नवऱ्याला शोभेल असं हसलोही.

"त्यांना कामासाठी नाही आणलं," ती म्हणाली. "गाडीत अर्ध्या इंचाचं वजन कमी पडत होतं."