घरटी एक

ज्ञान बसून मिळतं, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण ते नेमकं कुठल्या खुर्चीत आणि किती वेळ बसून मिळतं, हे २०२३ सालापर्यंत कोणी मोजलं नव्हतं. त्या वर्षीच्या जून महिन्यात सांगलीतल्या आमच्या संशोधन केंद्रानं ते मोजायला घेतलं आणि विद्येच्या क्षेत्रातला मोठाच अंधार दूर झाला.

तो अंधार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. माझे यजमान मधुकर यांनी सत्तरच्या दशकात पीएचडी केली, तेव्हा संशोधकाची हजेरी घेण्याची काहीही सोय नव्हती. मार्गदर्शकांशी त्यांची भेट एकदा नोंदणीच्या वेळी झाली, एकदा वाईला एका लग्नाच्या पंगतीत झाली (तीही जिलबी वाढायला येईपर्यंतच), आणि मग थेट मौखिक परीक्षेला. मधल्या अकरा वर्षांत मधुकरराव आमच्या माजघरात पोटावर उशी घेऊन लिहीत होते. प्रबंध झाला, छापला गेला, लोक अजून त्याचा आधार घेतात. पण तो लिहीत असताना ते हजर होते, याचा माझ्या शब्दापलीकडे कुठलाही पुरावा नाही. त्यामुळे तो झाला असं तरी कसं म्हणावं?

केंद्राचे संचालक डॉ. देवदत्त सर यांना ही उणीव फार टोचत होती. सर राहायला साताऱ्याला. सांगलीला ते आठवड्यातून एखादी फेरी मारत (संचालकाची हजेरी हा परिपत्रकाचा विषय नव्हता). पण साताऱ्यात बसूनही त्यांना प्रत्येक संशोधक मोबाइलवर दिसावा, अशी व्यवस्था त्यांनी उभी केली. दिसावा म्हणजे हिरव्या किंवा लाल पट्टीच्या रूपात. माणूस पाहण्यात वेळ जातो. पट्टी पाहिली की झालं.

परिपत्रक मोजकं आणि स्वच्छ होतं. संशोधकानं रोज सकाळी दारातल्या यंत्राला चेहरा दाखवावा. उपस्थिती पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेल्यास नोंदणी रद्द होईल. केवळ उपस्थिती पुरेशी नसून सहभागही असावा. तो खुर्चीतली हालचाल, मान डोलावणं आणि बोलणं यांवरून यंत्र ठरवील. केंद्राबाहेर केलेलं संशोधन संशोधन म्हणून धरलं जाईल, हजेरी म्हणून धरलं जाणार नाही.

यंत्राबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. नवं यंत्र परवडत नव्हतं, म्हणून कुपवाडच्या एका कारखान्यानं काढून टाकलेलं सरांनी मिळवलं. तिथे कामगार मोटरसायकलवरून येत आणि हेल्मेट न काढताच त्याच्यासमोर उभे राहत. त्यामुळे डोळे आणि नाक एवढ्यावर माणूस ओळखण्याची त्याला सवय लागली होती. शिवाय ते रोज दिसणारा चेहरा जुन्या चेहऱ्यावर चढवून ठेवत असे, म्हणजे दाढी वाढवणाऱ्या माणसाची अडचण होऊ नये. असं समजूतदार यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझी नात ज्ञानदा या केंद्रात गणितात संशोधन करते. पहिल्याच महिन्यात ती लाल झाली. हजेरी पूर्ण होती, पण सहभाग शून्याच्या आसपास. ती तासन् तास खिडकीकडे बघत विचार करायची, आणि विचार करणारा माणूस व रिकामी खुर्ची यांतला फरक यंत्राला दिसत नसे. (पुष्कळ माणसांनाही दिसत नाही. मधुकररावांना मी याच कारणावरून पुष्कळदा दळण आणायला पाठवलं आहे.)

एके दिवशी ती डबा विसरली म्हणून मी तो घेऊन केंद्रात गेले, तर तिच्या शेजारच्या खुर्चीत माझ्या वयाच्या एक बाई मांडी घालून शेंगा फोडत बसल्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर. समोरच्या पाटीवर नाव होतं, शिवांजली. पाटीखालची पट्टी इतकी हिरवी, की डोळ्यांना गारवा वाटावा.

त्या हरणाबाई. शिवांजलीची आजी, गाव कुंडल. मी विचारलं, नात कुठे आहे?

"पोरगी रानात हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या खालच्या तुकड्यात मीठ फुटलंय. ऊस गेला, आता गवतबी धरंना. तिनं रानात नळ्या पुरल्यात आन् दर आठवड्याला पाणी कुठवर चढलं ते बघती. दोन हंगाम बघायचं, एक आठवडा चुकला तर सगळं मुसळ केरात. आन् हितनं कागुद आला, हजर ऱ्हावा न्हाईतर नाव काढतो. मग मी आले."

"पण कागद तिच्या नावाचा होता ना?"

"आवं ताई, नाव तिचंच. पण घर एकच की. घरटी एक आलं म्हंजी झालं."

आमच्या जिल्ह्यांत हा रिवाज सगळ्यांना मान्य आहे. लग्न असो, सावडायला जायचं असो, ग्रामसभा असो की पाटाची चारी साफ करायची असो, घरातलं एक माणूस दिसलं की घर आलं असं धरतात. कोण आलं हे कोणी विचारत नाही. कोणाच्या घरचं कोणी आलं नाही, एवढंच लक्षात ठेवतात, तेही तीन पिढ्या. परिपत्रक कुंडलला पोचलं, तेव्हा घरानं ते या रिवाजाप्रमाणे वाचलं.

"आणि यंत्रानं घेतलं तुम्हाला?"

"दोनदा न्हाई म्हणलं. मग पदर फुडं वढला, तवा घेतलं. नाक आमच्या घरात सगळ्यांचं सारखंच हाय."

हरणाबाईंचा सहभाग केंद्रात सर्वोच्च होता, आणि तो योग्यच होता. शेंगा फोडताना खुर्ची सतत हलत होती. बोलणं सकाळपासून चालू होतं. कोणी काहीही सांगितलं की त्या "व्हय व्हय" म्हणून मान डोलावत, आणि त्याची नोंद 'सक्रिय शैक्षणिक संवाद' अशी होत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी ज्ञानदाच्या खुर्चीत बसू लागले. ती घरी माजघरात बसली, आजोबांचीच उशी घेऊन. महिन्याभरात साईराज नावाच्या संशोधकानं कराडकडच्या गावाहून आपले आजोबा पाठवले. लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. ते रोज यंत्राला सलाम ठोकत, मग खुर्चीत बसून डुलकी काढत. डुलकीत मान खाली जाऊन वर येई, आणि यंत्र ते 'सहमती' म्हणून मोजे. झोपेतही संशोधनाशी इतकं सहमत राहिलेला माणूस विरळाच.

हळूहळू सगळ्याच खुर्च्या भरल्या. घरोघरचं रिकामं माणूस केंद्राला मिळालं आणि घरोघरचा संशोधक कामाला मोकळा झाला. आम्ही अकराला चहा घ्यायचो, बाराला ज्याच्या त्याच्या गोळ्या, मग रक्तदाब. गुडघ्यांवर एक चर्चासत्रही झालं. आकडेवारी बोलकी आहे: उपस्थिती एक्केचाळीसवरून अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेली, उरलेले दोन टक्के लालासाहेबांच्या मोतीबिंदूच्या तपासण्यांचे. माझा सहभाग मात्र कधीच सत्तरच्या वर गेला नाही. मला ऐकून घेण्याची वाईट सवय आहे.

साताऱ्यात देवदत्त सरांच्या मोबाइलवर हिरवं रान पसरलं. त्यांनी त्यावर ठिकठिकाणी व्याख्यानं दिली. इतर केंद्रांची माणसं ती ऐकून आपापल्या यंत्रांकडे रागानं बघू लागली. सरांचं नाव एका मोठ्या पुरस्कारासाठी गेलं. या काळात ते सांगलीला फिरकले नाहीत, कारण जे उत्तम चाललंय त्यात लुडबुड कशाला करायची.

अशी दोन वर्षं गेली आणि शिवांजली प्रबंध घेऊन आली. उन्हानं रापलेली, चपलांना चिखल, काखेत चार प्रती. दोन्ही हंगामांत एक आठवडा चुकला नव्हता. पाणी का चढतं, मीठ कुठून येतं, ते कसं उतरवायचं, सगळं त्यात होतं. त्या दिवशी प्रबंध दिला नाही, तर मुदत संपून नोंदणी जाणार होती. ती यंत्रासमोर उभी राहिली. यंत्रानं निरखून पाहिलं आणि सांगितलं, अनोळखी व्यक्ती.

तिनं ओढणी डोक्यावर घेतली, पुढे ओढली, चष्मा काढला. यंत्र समजूतदार होतं, पण दोन वर्षं रोज हरणाबाईंना पाहून त्यानं शिवांजली कशी दिसते हे पक्कं शिकून घेतलं होतं. आणि नियम असा, की प्रबंध नोंदणीकृत चेहऱ्याकडूनच स्वीकारावा.

सरांना साताऱ्याहून यावं लागलं. ते आत आले, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी आपले संशोधक पाहिले. लालासाहेब सहमत होत होते. मी दात काढून ठेवले होते. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते: समोर दिसतंय ते खरं मानलं तर हिरवं रान खोटं ठरत होतं आणि पुरस्कारही जात होता, हिरवं रान खरं मानलं, तर फक्त एक मुलगी खोटी ठरत होती.

हरणाबाई खुर्चीतून उठल्या. शेंगांची टरफलं झटकली. "आवं सायेब, खरी शिवांजली ती. मी नुसती येत हुते."

"आजी," सर फार आदरानं म्हणाले, "दोन वर्षं तुम्ही रोज आलात. ही एकदाही आली नाही. आता तुम्हीच सांगा, आमची विद्यार्थिनी कोण?"

दोन वर्षांत प्रथमच हरणाबाईंचा सहभाग शून्यावर आला.

शिवांजली मात्र रानात राहून व्यवहार शिकली होती. तिनं चारही प्रती आजीच्या हातात दिल्या. "आज्जी, तू दे," ती म्हणाली. "पाणी उतरायला हवं, कुणाच्या नावानं का उतरंना."

हरणाबाईंनी प्रबंध दिला. यंत्रानं घेतला.

मौखिक परीक्षाही नियमानुसार झाली. खुर्चीत हरणाबाई. ज्येष्ठ नागरिकांना सोबतीचं माणूस आणण्याची सवलत असल्यामुळे शिवांजली मागे स्टुलावर. बाहेरून आलेले परीक्षक प्रश्न विचारत, उत्तर मागून येई, हरणाबाई मान डोलावत आणि ते उत्तर त्यांच्या नावे लागे. शेवटी परीक्षकांनी रीतीप्रमाणे विचारलं, उमेदवाराला काही म्हणायचं आहे का? हरणाबाई मागे वळल्या आणि नातीला म्हणाल्या, "व्हय गं, मग खालच्या तुकड्यात ऊस कवा यील?"

"जमिनीखालनं निचरा काढला तर तिसऱ्या सालाला," शिवांजली म्हणाली.

हा प्रश्न विषयाला सोडून असल्याचं परीक्षकांनी नोंदवलं आणि प्रबंध एकमतानं मान्य केला.

पुढे ज्याचं त्याचं असं झालं. देवदत्त सरांना पुरस्कार मिळाला. साताऱ्यातल्या समारंभाला त्यांना सवड झाली नाही, म्हणून त्यांच्या घरचे वडील आले होते. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लालासाहेबांनी मोतीबिंदू काढला, त्याबरोबर यंत्रानं त्यांना ओळखणं सोडलं, आणि साईराजला स्वतः यावं लागलं. तो केंद्राचा पत्ता विचारत विचारत आला. ज्ञानदाचा प्रबंध माजघरात पूर्ण झाला, तो देण्याचा मान माझा होता. यंत्र केंद्रातच आहे आणि आता सल्लागार समितीवर आहे.

शिवांजलीच्या पदवीवर नाव तिचं आणि फोटो आजीचा आहे. इस्लामपूरच्या एका महाविद्यालयात तिची निवड झाली, पण चेहरा पदवीशी जुळेना; तो जुळायला अजून चाळीसेक वर्षं आहेत. तोवर हरणाबाई रोज सकाळच्या एसटीनं इस्लामपूरला जाऊन हजेरी लावतात, आणि तास शिवांजली घेते. खालच्या तुकड्यात निचऱ्याचे पाइप पडलेत. पहिल्या वर्षी नुसतं गवत धरलं, ते बघायला अख्खं कुंडल गेलं होतं, घरटी एक.

आणि तुम्ही. तुम्ही ही हकीकत शेवटपर्यंत वाचलीत. मध्ये कुठे डुलकी लागली असेल, पण मान हलली, तेवढं पुरे. तुमची पट्टी हिरवी आहे. काय कळलं ते कोणी विचारणार नाही. आता घरातल्या दुसऱ्या कोणाला वाचायला सांगू नका. तुमच्या घरचं एक माणूस येऊन गेलं, असं मी लिहून घेतलंय.