फ्लॉपी, नग सहा

"सोमवारी काहीही चुकणार नाही, सर. मी सगळा विचार करून ठेवलाय!"

शनिवारी दुपारी शालन मोरेबाईंनी मुख्याध्यापकांना असं सांगितलं, तेव्हा त्या फुशारकी मारत नव्हत्या. त्यांनी खरोखरच सगळा विचार केला होता. वीज कमीजास्त होते म्हणून स्टॅबिलायझर आणून ठेवला होता. कोपऱ्यातलं उंदराचं बीळ सिमेंटनं लिंपून घेतलं होतं. धुळीपासून बचाव म्हणून जुन्या साडीची खोळ शिवली होती. चौथीच्या बेचाळीस मुलांची नखं शुक्रवारीच कापून झाली होती. फक्त एका गोष्टीचा विचार राहून गेला होता, आणि ती गोष्ट त्यांच्यासमोर खुर्चीत बसून मान डोलावत होती.

साल १९९६. अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या वाटेवर पाच खोल्यांची ती प्राथमिक शाळा. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं नवे संगणक घेतले, तेव्हा तिथले अधिकारी मधू देवस्थळी यांनी एक जुना संगणक शाळेला मिळवून दिला. मात्र तो मिळाला होता तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांनी शिक्षण विस्तार अधिकारी येऊन पाहणार. प्राथमिकची मुलं त्यावर खरंच काही करत असतील तर तो इथेच राहणार. नाहीतर हायस्कूलच्या कचेरीत, दाखले टाइप करायला!

"एवढीशी पोरं संगणकावर काय करणार? पुसणार?" स्टाफरूममध्ये कुंदाबाईंनी विचारलं होतं. कुंदाबाई दुसरीला शिकवत आणि सगळ्यांच्या उत्साहावर झाकण ठेवत.

"नकाशा करणार," शालनबाई म्हणाल्या.

परिसर अभ्यासात नकाशाचा धडा होता. दरवर्षी मुलं पुस्तकातला नकाशा बघून वहीत उतरवत आणि त्या वहीवर सही मारून धडा संपत असे. बाईंनी तो धडाच उलटा केला. मुलांनी आपलं घर ते शाळा ही वाट पावलांनी मोजायची, दहा पावलांचं एक करून कागदावर आज्ञा लिहायच्या आणि मग त्या संगणकाला सांगायच्या. देवस्थळींनी रेघा काढायचा एक प्रोग्रॅम दिला होता. पडद्यावर एक इवलासा त्रिकोण यायचा, त्याला कासव म्हणायचं. 'पुढे वीस' म्हटलं की कासव वीस पावलं चालायचं आणि मागे रेघ सोडायचं. 'उजवीकडे' म्हटलं की वळायचं. इंग्रजी पाचवीपासून होतं, पण लागत होती पाचच अक्षरं. ती मुलांनी चित्रांसारखी पाठ केली.

अडचण एकच. संगणक एक आणि मुलं बेचाळीस. म्हणून आधी मैदानात तालीम व्हायची. एक मूल कासव, दुसरं आज्ञा देणारं.

"कासव स्वतःचं डोकं चालवत नाही," बाईंचा नियम होता. "सांगितलं तेवढंच करतं. चुकलं तर चूक सांगणाऱ्याची."

सगळ्यात चांगलं कासव होती द्रौपदी. पालेगावातून येणारी, वाचताना तीन अक्षरांपुढे अडखळणारी, फळ्यापाशी बोलावलं की पायाच्या अंगठ्याकडे बघणारी. पण पावलं मोजायला लागली की तिचा एक आकडा चुकत नसे. तिच्या गटानं पालेगावची वाट केली, तेव्हा पडद्यावर घर, नळ, चावऱ्या कुत्र्याचा ओटा, सगळं जागच्या जागी आलं. द्रौपदी पडद्याला नाक लावून म्हणाली, "बाय, ह्या आमचं घर हाय!" तीन वर्षांत ती वर्गात आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. संगणक का जाता कामा नये, हे त्या दिवशी बाईंना नक्की कळलं.

संगणकाच्या पोटात काही राहत नसे. बंद केला की सगळं विसरायचा. म्हणून प्रत्येक गटाची एक फ्लॉपी, काम साठवायची पातळ चकती. पाच फ्लॉप्या बाई उल्हासनगर कॅम्प तीनमधून घेऊन आल्या. दुकानदारानं पिशवीत घालताना बजावलं होतं, "मॅडम, इसको मोडना नहीं, पानी नहीं, चुंबक नहीं. बाकी ये अमर है!" सहावी देवस्थळींची, प्रोग्रॅमची. तिच्याशिवाय बाकीच्या पाच म्हणजे नुसती काळी पुठ्ठ्याची पाकिटं.

आता मुख्याध्यापक. श्यामकांत सामंत सरांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत शाळेचा एक खडूसुद्धा हिशेबाबाहेर गेला नव्हता. शाळेच्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद आणि त्या वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, हा त्यांचा धर्म. बाकांवर नंबर, घंटेवर नंबर, पृथ्वीच्या गोलावर ऐन प्रशांत महासागरात नंबर! एकदा नारळाची करवंटी माठातलं पाणी काढायची डोयली म्हणून आणली, तर तिलाही नंबर पडला होता.

शनिवारी शालनबाई घरी गेल्यावर सरांनी तपासणीच्या तयारीसाठी रजिस्टर उघडलं. 'संगणक, नग एक' होता. 'फ्लॉपी' नव्हत्याच! नोंद नाही म्हणजे वस्तू नाही. त्यांनी लगेच नोंद केली आणि शिपाई भगवानला बोलावलं.

"नंबर टाकून घे. एकशे तेरा ते एकशे अठरा. आणि हे बघ, नाजूक वस्तू आहे. मोडायची नाही, पाणी लावायचं नाही, चुंबक जवळ न्यायचं नाही. बाईंनी बजावलंय."

"मी हाय ना सर," भगवान म्हणाला.

सोमवारी दहा वाजता शालनबाईंनी कपाट उघडलं. सहाही फ्लॉप्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या मधोमध, त्या लांबट खिडकीतून आतली तपकिरी तबकडी दिसते ना, नेमकी तिच्यावर, सुबक पांढऱ्या आकड्यांत नंबर होता. अक्षर मोत्यासारखं! बाईंना क्षणभर वाटलं, आपल्या डोळ्यांसमोर चांदण्या चमकताहेत. पण चांदण्यांना ओळीनं नंबर नसतात.

"भगवानमामा... हे तुम्ही इथं कशाला लिहिलंत?"

"मंग कुठं? वरती पोरांच्या नावाची चिठ्ठी. बाकी सगळं काळं. कंपनीनं नंबरासाठीच खिडकी ठेवलीय की!" भगवान खुशीत होता. "मोडली नाय, चुंबक नाय, पाणी तर अजिबात नाय. आधी टर्पेंटाइननं स्वच्छ पुसली. मंग दोन हात मारले. काल रविवार असून आलो बाई, वाळाया पाहिजे ना!"

बाईंनी एकशे तेरा नंबरची फ्लॉपी, म्हणजे प्रोग्रॅमची, यंत्रात सरकवली. आतून खलबत्त्यात सुपारी कुटल्यासारखा आवाज आला. मग दाढदुखीवर कण्हल्यासारखा. मग काहीच नाही. पडद्यावर एक ओळ उमटली आणि लुकलुकत राहिली. ती ओळ इंग्रजीत होती, पण तिचा अर्थ दुसरीच्या पोरालाही कळला असता.

सामंत सर दारात उभे होते. "काय झालं?"

"सर, नंबर चिकटला."

"चिकटायलाच हवा," सर अभिमानानं म्हणाले. "आपला पेंट दहा वर्षं जात नाही." मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा स्वर खाली आला. "वस्तू... बिघडली?"

"सहाच्या सहा."

देवस्थळींना फोन लावला. कारखान्यातून उत्तर आलं, साहेब प्लँटवर आहेत, दुपारी या. आणि अकरा वाजता, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, विस्तार अधिकारी शिवराम भोईर फाटकातून आत आले. कमी बोलणारे, जास्त लिहिणारे गृहस्थ. अशा माणसाची शाळेला अधिक भीती वाटते.

सरांनी आधी रजिस्टर पुढे केलं. "संगणक, नग एक. फ्लॉपी, नग सहा. सर्व नंबरासह!"

भोईर साहेबांनी सहा फ्लॉप्या मोजल्या. "छान. चालू करा."

"त्याचं असं आहे साहेब, आज वीज जरा..." सर म्हणाले. त्यांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. सरांनी घाम पुसला.

शालनबाईंना वाटलं, आता खोटं बोलून उपयोग नाही. "साहेब, संगणक आज चालणार नाही. आमच्या हातून फ्लॉप्या खराब झाल्या. मुलांचं तीन महिन्यांचं काम त्यात होतं."

"म्हणजे दाखवायला काही नाही?"

वर्गात बेचाळीस स्वच्छ नखांची मुलं चिडीचूप बसली होती. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आवाज आला तिसऱ्या बाकावरून.

"बाय, मी व्हते ना कासव. जनूकडं कागूद हाय."

जनू द्रौपदीच्याच गटातला. त्यानं दप्तरातून चुरगळलेला आज्ञांचा कागद काढून उंच धरला. बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुसलं गेलं होतं ते चित्र. ते कसं काढायचं, हे तर मुलांकडेच होतं!

पाच मिनिटांत सगळी शाळा मैदानात. भगवाननं खेळाच्या रेघांसाठीचा चुना आणला आणि तळाला भोक पाडलेला डबा द्रौपदीच्या हातात दिला.

"पुढे बारा!" जनू ओरडला.

द्रौपदी चालली. मागे पांढरी रेघ उमटत गेली.

"उजवीकडे! पुढे वीस!"

वीस पावलांच्या वाटेवर सतराव्या पावलाला सामंत सर उभे होते. द्रौपदी त्यांच्यापाशी पोचली, थांबली नाही, वळली नाही. त्यांच्या पोटाला डोकं टेकवून जागच्या जागी पावलं टाकत राहिली, आणि चुना सरांच्या काळ्या चपलांवर भुरुभुरु पडत राहिला.

"अगं, बाजूनं जा!" सर ओरडले.

"कासव स्वताचा डोका चालवत नाय, सर," द्रौपदी डोकं न हलवता म्हणाली.

भोईर साहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले. सर बाजूला झाले. नकाशा पुढे गेला. मुलं खूण येईल तिथं धावत जाऊन वस्तू ठेवत होती. नळाला पाण्याची बाटली, चावऱ्या कुत्र्याला कुंदाबाईंची पर्स. मग एका जागी जनूनं लागोपाठ आज्ञा दिल्या. डावीकडे, पुढे तीस, उजवीकडे, पुढे पन्नास, उजवीकडे, पुढे तीस.

"एवढा वळसा कशाला?" साहेबांनी विचारलं. "मी इथलाच आहे. पालेगावची वाट सरळ शाळेवर येते. मधे माझ्या आत्याचं शेत होतं."

"आता नाय येत, साहेब," द्रौपदी म्हणाली. "तिथं भित हाय. बिल्डिंग व्हतेय."

"मग भिंतीच्या आत काय काय आहे ते नाही दाखवलंत?"

"आत कोन सोडतंय?" जनू म्हणाला. "जिथं पावलं टाकली नाय, ता काडाचा नाय. बाईंनी सांगितलंय."

साहेब त्या मोकळ्या चौकोनापाशी बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी वहीत लिहिलं, पान फाडून सरांना दिलं. 'धडा मुलांना समजला आहे. संगणक याच शाळेत राहावा. फ्लॉप्या नवीन घ्याव्यात.' जाता जाता नकाशाकडे बोट दाखवून ते गंभीरपणे म्हणाले, "आणि सामंत, एवढं मोठं काम. याची नोंद कुठे दिसत नाही ती?"

साहेब गंमत करत होते. पण सरांशी रजिस्टरच्या बाबतीत कुणी गंमत करू नये!

शाळा सुटली. घरी निघालेली पोरं त्या मोकळ्या मैदानातही चुन्याच्या रेघेवरूनच चालली होती. जिथं भिंत नव्हती तिथंही भिंतीला वळसा घालून. शालनबाई पायरीवर बसून ते बघत होत्या. तेवढ्यात भगवान पेंटचा डबा आणि ब्रश घेऊन त्यांच्यासमोरून गेला.

"मामा, आता कुठं?"

"नकाशा, चुन्याचा, नग एक. एकशे एकोणीस नंबर." भगवान द्रौपदीनं सोडलेल्या त्या चौकोनात शिरला, मधोमध उकिडवा बसला आणि ब्रश बुडवून समाधानानं म्हणाला, "पोरं हुशार हाईत बाई. नंबरासाठी जागा मोकळी ठेवलीय!"