राष्ट्राध्यक्ष, मुक्काम पोस्ट फुजैरा

कावेरीला काँग्रेस करायचं, हा निर्णय मी चहा पिता पिता घेतला. (चहा तिनेच केला होता. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.)

त्याचं असं झालं. फुजैराच्या बंदरात जहाजांना इंधन पुरवणाऱ्या कंपनीत मी चौदा वर्षं कागद फिरवत होतो. दोन हजार साली आमच्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली आणि मॅनेजरने सर्क्युलर काढलं की ती फक्त ग्रॅज्युएटला मिळेल. मी बी.कॉम. आहे असं ऑफिसात सगळे समजत होते. शेवटचं वर्ष राहिलंय, हे फक्त मला आणि कावेरीला ठाऊक. माझ्या हाताखालचा उपेंद्र मात्र सर्टिफिकेटसकट ग्रॅज्युएट. ज्याला फॅक्स कसा लावायचा हे मी शिकवलं, त्याला उद्या 'सर' म्हणायची पाळी येणार होती.

एकच आशा होती. टपालाने शिकवणाऱ्या एका अमेरिकन कॉलेजची डिग्री मी तीन वर्षं गुपचूप ओढत आणली होती. तीन क्रेडिटचा एकच पेपर उरला होता: अमेरिकन शासनव्यवस्था. पास झालो तर डिग्री, डिग्री मिळाली तर खुर्ची. मी पेटलो. साडेसहाशे पानांचं पुस्तक तीनदा वाचलं. तरी हाऊस आणि सिनेट यांची डोक्यात भेळ व्हायची ती व्हायचीच.

मग ठरवलं, घराचीच अमेरिका करायची. मी राष्ट्राध्यक्ष. (निवडणूक घेतली नाही. निकालाची खात्री नव्हती.) तेरा वर्षांची समिधा सुप्रीम कोर्ट, कारण इंग्रजीच्या बाबतीत आमच्या घरी तिचाच शब्द शेवटचा. कावेरी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद. डायनिंग टेबल म्हणजे हाऊस, स्वयंपाकघर म्हणजे सिनेट.

"मला काय करावं लागेल?" कावेरीने विचारलं.

"काही नाही. तू कायदे करायचे. मी सही केली की लागू."

"आणि तुम्ही नाही केली तर?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण अभ्यास म्हणजे अभ्यास. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली तर माझ्या सहीवाचूनही भागतं, हे मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. तिने मनाशी हिशेब केला. दोन्ही सभागृहांत मिळून सभासद एकच होती.

पहिलं बिल त्याच संध्याकाळी आलं: परीक्षेपर्यंत टीव्ही बंद. हाऊसमध्ये पास झालं. पोळ्यांचा डबा घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, तिथेही पास झालं. मी व्हेटो वापरला. ती परत बाहेर आली, परत आत गेली, आणि व्हेटो खलास. शारजाची मॅच चार दिवसांवर होती. मी कोर्टात धाव घेतली. समिधाने पुस्तक उघडलं, दोन पानं चाळली आणि म्हणाली, "सॉरी बाबा. इट्स कॉन्स्टिट्यूशनल."

सैन्याचा सरसेनापती मी होतो, हाच काय तो दिलासा. दुसऱ्या दिवशी सिंकखालून झुरळ निघालं. मी चप्पल घेऊन धावलो, तर कावेरीने दारातच अडवलं. युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा, पान दोनशे चार. आणि कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्याशिवाय काँग्रेस बसणार नव्हती. झुरळ आमच्या दोघांकडे बघत सावकाश शेजारच्या फ्लॅटमध्ये स्थलांतरित झालं.

मॅचच्या दिवशी लायब्ररीत जातो असं सांगून मी पुस्तक बगलेत मारलं आणि थेट उपेंद्रची खोली गाठली. मॅच रंगली. मी निघालो तो हवेत, आणि पुस्तक राहिलं त्याच्या सोफ्यावर. तो बिचारा भला माणूस, आमच्याकडे दर शुक्रवारी जेवायला येणारा. लगबगीने जिन्याने चढून घरी पुस्तक द्यायला आला. मी अजून लिफ्टमध्येच होतो.

डायनिंग टेबलावर महाभियोगाचे आरोप ठेवले गेले. खटला स्वयंपाकघरात चालला, न्यायाधीश समिधा, साक्षीदार उपेंद्र. (त्याला साक्षीसाठी शिरा मिळाला.) मी दोषी ठरलो. अशा खटल्यात दोषी ठरून अमेरिकेत आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला पायउतार व्हावं लागलेलं नाही. फुजैरात लागलं.

रिकाम्या जागेवर कावेरीने स्वतःला नेमून घेतलं. उरलो मी सामान्य नागरिक. नागरिकाला बोलण्याचं स्वातंत्र्य असतं, असं मी सुचवून पाहिलं. "यस बाबा," समिधा म्हणाली, "बट नोबडी हॅज टु लिसन."

मग मात्र मी जिद्दीला पेटलो. पहाटे पाचला उठायचं, बाल्कनीत येरझारा घालत घटना घोकायची. सत्तावीसच्या सत्तावीस दुरुस्त्या पाठ केल्या. कावेरी कणीक मळता मळता प्रश्न विचारायची आणि चुकलो की नाश्ता दहा मिनिटं पुढे ढकलायची. महिनाभरात माझं वजन चार किलो उतरलं आणि मार्क चढले.

परीक्षा अबुधाबीला. मी रायटिंग पॅड, पाच पेनं आणि पुरवण्या बांधायला दोरा घेऊन हजर. तिथल्या बाईंनी दोऱ्याकडे बघितलं आणि मला एका कॉम्प्युटरसमोर बसवलं. पुरवण्या नव्हत्या. लिहायचंच काही नव्हतं. नुसत्या टिचक्या मारायच्या. थोडक्यात उत्तरे, फरक स्पष्ट करा, सकारण सांगा, सगळी तयारी वाया. पण डगमगलो नाही. जिथे उत्तर येईना तिथे डोळे मिटले, आमचं घर आठवलं आणि अधिकार काँग्रेसला देऊन टाकला.

पन्नासला पास होतं. मला त्रेपन्न मिळाले.

दोन महिन्यांनी डिग्री आली, खुर्चीही आली. काचेची केबिन, फिरती खुर्ची, हाताखाली पाच माणसं. पहिल्याच आठवड्यात उपेंद्र पंधरा दिवसांच्या सुट्टीचा अर्ज घेऊन आला. कोल्हापूरला बहिणीचं लग्न. मी खुर्ची अर्धी फिरवली. आयुष्यात प्रथमच खऱ्याखुऱ्या अधिकाराने नाही म्हणायची संधी समोर उभी होती.

"जमणार नाही, उपेंद्र. या महिन्यात जहाजं फार आहेत."

तो जरा घुटमळला.

"तसं नाही साहेब. वहिनींनी शुक्रवारी मंजूर केलीय. माझं काम तुम्ही बघाल म्हणाल्या."

मी अर्ज परत ओढून घेतला. सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून 'इथे' असं लिहून ठेवलेलं होतं. अक्षर ओळखीचं वाटलं.