अकरा शनिवारांचं घड्याळ

घड्याळकाकांनी दुकान बंद केलं आणि तिथला सगळा संसार एका पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणला. चिमटे, भिंग, चाकं, काटे आणि गिऱ्हाईकं न्यायला विसरलेली सतरा घड्याळं. (त्यांच्या चिठ्ठ्या केव्हाच गळून पडल्या होत्या.) घरी आल्यावर दिवसभर करायचं काय, हे काकांना कळेना. या माणसाचं दिवसभर करायचं काय, हे काकूंना कळेना.

सून जुन्या वस्तूंचे नव्या फॅशनचे दागिने करायची. फुटक्या बशीच्या तुकड्याचं पेंडंट, टाइपरायटरच्या अक्षरांच्या अंगठ्या, कोटाच्या बटणांचे कानातले. एका दुपारी तिने डब्यातली चार चाकं मागून घेतली आणि एका पेंडंटवर चिकटवली. काकांनी भिंग डोळ्याला लावलं.

"सूनबाई, हे चाक शेजारच्या चाकाला लागतच नाही."

"बाबा, ते फिरवायचं नाहीये. नुसतं छान दिसायला हवं."

"न लागणारं चाक छान कसं दिसेल?"

या उत्तरावर काका स्वतःच इतके खूश झाले, की लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला काकूंसाठी गळ्यातलं आपणच करायचं, असं त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

काकू बहिणीकडे गेल्याची संधी साधून त्यांनी डबा पालथा केला. सतरातलं एक त्यांना आवडलं. बायकी, लंबगोल, करवंदाएवढं. तबकडी सायीसारखी पिवळसर, चाराच्या आकड्यापाशी शाईचा निळा ठिपका. काकांनी सवयीने किल्ली दिली, तर घड्याळ टिकटिकायला लागलं. चालत्या घड्याळाच्या तबकडीला भोक पाडायचं म्हणजे जिवावरच आलं. पण इतक्या वर्षांत मालकीण फिरकली नाही, ती आता काय येतेय, असं म्हणून त्यांनी मन घट्ट केलं आणि भोक पाडलं. भोवती सात चाकं बसवली, एकमेकांत नीट दात अडकवून. उरलेल्या काट्यांचे कानातले केले. एका कानात तासकाटा, दुसऱ्या कानात मिनिटकाटा.

"बाबा, हे लहानमोठे झालेत," सून म्हणाली.

"तासकाटा मिनिटकाट्याएवढा कधी असतो का?"

वाढदिवसाच्या सकाळी काकूंनी डबी उघडली, चष्मा लावला, आणि तबकडी डोळ्यांजवळ धरून निरखत राहिल्या. काकांना वाटलं, भारावली.

"ही तबकडी कुठून आणलीत?" काकूंनी विचारलं.

"आपल्याच डब्यातली. कुणीतरी नेलंच नाही."

"मी नेलं नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही दिलंत कुठे? हा ठिपका माझ्या पेनातला. काच फुटली होती तेव्हा पडलेला. आईचं घड्याळ आहे हे."

काकांनी चहा खाली ठेवला आणि भिंग डोळ्याला लावलं.

घरातल्या सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. काकू कॉलेजात असताना आईचं घड्याळ घेऊन काकांच्या दुकानात आल्या होत्या. काका म्हणाले, शनिवारी या. शनिवारी म्हणाले, पुढच्या शनिवारी या. असे अकरा शनिवार झाल्यावर काकांच्या मावशीने जाऊन मागणीच घातली. लग्न झालं आणि काकांनी घड्याळ शोधायला घेतलं, तर ते सापडेचना. सासूबाई शाळेत शिकवायच्या. ते घड्याळ टेबलावर ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं तास घेतले होते. पुढे जन्मभर त्या जावयाला कुशल विचारायच्या आधी घड्याळाचं विचारायच्या.

"आई शेवटपर्यंत विचारत होती," काकू तबकडीवरून बोट फिरवत म्हणाल्या. "आणि आज सापडलं, तर त्याला तुम्ही भोक पाडलंत. ओळखलंही नाहीत?"

"कसं ओळखणार?" काका खालच्या आवाजात म्हणाले. "मी तेव्हा घड्याळाकडे बघितलंच नव्हतं. तुझ्याकडेच बघत होतो."

सुनेने चटकन मान वळवली. काकूंच्या चेहऱ्यावरचा राग जरासा सैलावला. एवढ्यावर काका गप्प बसते, तर दिवस गोडीत गेला असता. पण त्यांना एकदम काहीतरी आठवलं.

"थांब. हे घड्याळ तर चालत होतं. मी उघडून पाहिलंय, कुणाचा हात लागलेला नाही त्याला. बिघाड नव्हताच काही. मग तू ते दुरुस्तीला का आणलंस?"

काकूंनी डबीचं झाकण लावलं, परत उघडलं.

"आई," सून हसू दाबत म्हणाली, "म्हणजे तुम्हीपण?"

काका खुर्चीत ताठ बसले. चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं, ते अकरा शनिवार त्यांनी एकट्यानेच लबाडीने मिळवले. आता कळत होतं, समोरूनही तेच चाललं होतं.

"सांग, सांग," ते म्हणाले. "आता काय लाजायचं?"

"तुमच्या दुकानासमोर फोटो स्टुडिओ होता," काकू म्हणाल्या. "तिथला तो फोटोवाला दारात उभा राहायचा. उघड उघड वळून बघता यायचं नाही. पण तुमच्या मागच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं ना, त्याच्या काचेत त्याचं दार स्वच्छ दिसायचं."

काकांनी मनातल्या मनात हिशेब लावला. ती मुलगी आपल्या डोक्याच्या वर बघत असायची, हे त्यांना चांगलं आठवत होतं. वेळ बघते, असं ते समजत होते.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय?" काकू आरशापुढे उभ्या राहून मिनिटकाटा कानात अडकवत म्हणाल्या. "दहाव्या शनिवारी कळलं, त्याचं लग्न ठरलंय. अकराव्या शनिवारी मी खरंच घड्याळ न्यायला आले होते."